महिपतीला ठाऊक होतं ते

"त्याला शिव्या द्यायला आलात, की माफ करायला?" तुरुंगाच्या अधीक्षकसाहेबांनी मला विचारलं.

"दोन्हीही नाही," मी म्हटलं. "मला त्याला थोडं विचारायचंय."

"काय?"

"माझ्या बहिणीचं शेवटचं."

साहेबांनी समोरची फाईल मिटली. वय झालेला, थकल्या डोळ्यांचा माणूस. टेबलावरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"बाई, उद्या सकाळी फाशी आहे त्याची," ते म्हणाले. "इतकी वर्षं तो इथं आहे. तुमच्या घरचं कुणी कधी इकडं फिरकलं नाही. आणि आज आलात?"

"आजच यायला हवं होतं. उद्यानंतर विचारणार कुणाला?"

माझ्या शेजारच्या खुर्चीत हे बसले होते. आदल्या दिवशी विट्याहून एसटीनं निघालो तेव्हापासून ह्यांनी धड शब्द उच्चारला नव्हता. आता म्हणाले, "साहेब, मी हिला नको म्हणत होतो. त्या हरामखोराशी बोलून काय मिळणार? पण ही ऐकत नाही."

"कैद्याची तयारी असेल तरच भेट होईल," साहेब म्हणाले. "त्यानं नाही म्हटलं तर मी काही करू शकत नाही. आणि तो नाहीच म्हणेल, असं मला वाटतं." त्यांनी शिपायाला हाक मारून आत निरोप पाठवला.

आम्ही वाट बघत बसलो.

कुमुद माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आईला तिच्या बाळंतपणानंतर बरं नसायचं, म्हणून ती माझ्याच कडेवर वाढली. नर्स झाली आणि कोल्हापूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावी उपकेंद्रावर नेमणूक घेतली. आबांना ते आवडलं नव्हतं. "जवळ कुठं मिळत नाही का?" म्हणायचे. कुमुद म्हणायची, "आबा, जवळच्यांना डॉक्टर आहेत. तिथल्या बायकांना मीच आहे."

त्या वर्षी मे महिन्यात तिचा शेजारच्या दुकानात फोन आला. मी धावत गेले. म्हणाली, "ताई, मी शनिवारी येते. एक गोष्ट सांगायचीय तुला."

"मग सांग की."

"फोनवर नाही गं. तुझ्या तोंडाकडं बघत सांगायचीय. आधी तुला, मग आईआबांना."

आणि हसली. शनिवारी ती आली नाही. शेवटची एसटी चुकली म्हणून ती वडापच्या, वाटेत माणसं भरत जाणाऱ्या खासगी जीपमध्ये बसली होती. त्या जीपमध्ये एक म्हातारं जोडपं होतं, नातीच्या लग्नाला निघालेलं, अंगावर दागिने घातलेलं. रविवारी सकाळी गुराख्याला घाटातल्या एका वळणाखाली तिघंही सापडली.

जीपचा चालक महिपती आणि त्याचा जोडीदार अंकुश. आठवड्यात दोघं धरले गेले, दागिन्यांसकट. अंकुश खटला चालू असतानाच तुरुंगात आजारानं मेला. महिपतीला खालच्या कोर्टानं फाशी सुनावली. हायकोर्टानं ती कायम केली, सुप्रीम कोर्टानं कायम केली. मग दयेचा अर्ज गेला आणि तो वर्षानुवर्षं पडून राहिला. आई म्हणायची, "त्याला लटकवल्याचं ऐकलं की मी डोळे मिटीन." आई त्याआधीच गेली. आबाही गेले. आणि एका सकाळी पेपरात बातमी आली, की अर्ज फेटाळला.

गल्लीतले लोक ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अखेर न्याय मिळाला." मीही मान डोलावली. मग भाजी चिरायला बसले आणि हात थांबला. इतकी वर्षं मी एकच विचार करत आले होते: तो मरायला हवा. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरं मनात आलं. कुमुद त्या जीपमध्ये चढली तेव्हापासून तिला बघितलेली चार माणसं. त्यातली तीन गेली. चौथ्याच्या डोक्यात ती संध्याकाळ अजून आहे. तो गेला की ती संपूर्णच गेली.

कोर्टात महिपती पहिल्यापासून एकच सांगत आला होता, "मी तिथं नव्हतो." मग ज्यानं कधी कबूलच केलं नाही, तो मला काय सांगणार होता? तरी मी आले होते.

शिपाई परत आला. "येतो म्हणाला साहेब."

अधीक्षकसाहेबांच्या भुवया वर गेल्या. हे उठले. "मला त्याचं थोबाड बघायचं नाही. मी बाहेर आहे," म्हणाले, आणि वळूनही न बघता निघून गेले.

दोन शिपायांच्या मध्ये महिपती आत आला. कोर्टात मी त्याला बघितला होता तेव्हा तो दांडगा, मानेला पीळ असलेला तरणा गडी होता. आता खांदे पडले होते, दाढीचे खुंट पांढरे झाले होते, पांढरा सदरा अंगावर सैल लोंबत होता. साहेबांनी खुर्ची दाखवली. तो भिंतीशी खाली बसला.

"मी कुमुदची बहीण," मी म्हटलं.

"वळकलं न्हाई," तो म्हणाला. "तिच्यासारक्या दिसत न्हाईसा तुमी."

"ती आईवर गेली होती. मी वडलांवर."

त्यानं मान हलवली. मी मनात किती वर्षं काय काय घोळवत होते. त्यातलं काहीच तोंडात येईना. शेवटी मी म्हटलं, "तू तिथं नव्हतास असं सांगत आलास. आजही तेच सांगणार असशील तर मी उठते."

त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेब उठले आणि खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आता लपवून कुनापास्नं वाचायचं हाय?" महिपती म्हणाला. "हुतो. काय इचारायचं ते इचारा."

"ती कुठं बसली होती?"

प्रश्न ऐकून तो गोंधळला. त्याला दुसरं काहीतरी अपेक्षित असावं.

"म्होरं. माज्या शेजारी. म्हातारा-म्हातारी मागं हुती, अंकुश त्यांच्या संगं. म्हातारीला आधी म्होरं बसीवली हुती. पन तिला म्होरं बसलं की पोटात ढवळायचं. तवा तुमची भन म्हनली, तुमी मागं आडव्या व्हा, मी बसते म्होरं."

"बोलत होती?"

"सारकी! गप बसायचं म्हाईतच नव्हतं तिला." त्याच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या आणि लगेच थांबल्या. "खिंडीच्या अल्याड पोरं जांभळं इकत हुती, पानाच्या द्रोणात. तिनं गाडी थांबवाया लावली. द्रोण घेतला. मागं दिली. मग मला म्हनली, घ्या की दादा, तोंड हलतं ऱ्हायलं म्हंजी झोप येत न्हाई गाडी हाकताना. मी खाल्ली. तिची जीभ जांबळी झाली हुती. आरशात बगितली तिनं, आन हसली."

मी पदर तोंडाशी धरला. आबांनी तिची ओळख पटवली होती आणि मला कुणी ते बघू दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे इतकी वर्षं पांढऱ्या चादरीखालचं एक गाठोडं होतं. आता तिथं कुमुद बसली, गाडीच्या आरशात वाकून जीभ बाहेर काढणारी. लहानपणी जांभळं खाल्ली की ती अशीच माझ्यापुढे येऊन उभी राहायची.

"थांबू व्हय?" महिपतीनं विचारलं.

"नको. सांग."

"म्हातारीशी बोलत हुती. म्हातारी म्हनली, पोरी, लगीन झालं का? तर ही म्हनली, ठरलंय. पन घरी कुनाला ठावं न्हाई. आज जाऊन भनीला सांगनार. मास्तर हाय म्हनली त्यो, तिथल्याच शाळंतला. बायकू मेलेली, एक ल्हान पोरगी हाय. म्हातारी म्हनली, अगं, बिजवर कशाला करतीस? तर ही म्हनली, ती पोरगी मला आत्ताच आई म्हनाया लागलीया, आता न्हाई म्हनून कसं सांगू तिला? आन माजी ताई, म्हनली, आधी रागवंल. मग समद्यांशी भांडून तीच लगीन लावून दील."

खिडकीपाशी साहेबांनी हात मागं बांधले होते, ते एकमेकांत घट्ट आवळले.

कुमुदला अग्नी दिला त्या दिवशी लोकांच्या मागं एक माणूस उभा होता. सडपातळ, चष्मा लावलेला, हाताशी पाच-सहा वर्षांची मुलगी. उपकेंद्राच्या गावाहून बरेच लोक आले होते, त्यांतलाच एक असेल असं मला वाटलं होतं. मुलगी सारखी त्याला काहीतरी विचारत होती आणि तो तिला गप्प करत होता. कुणाशी न बोलता ते दोघं निघून गेले होते.

मी डोळे पुसले. ज्यासाठी आले होते ते अजून राहिलंच होतं.

"पुढं?" मी म्हटलं. "गाडी थांबवल्यावर?"

महिपतीनं मान खाली घातली.

"ते नगा इचारू, बाई."

"तेच विचारायला आलेय मी. ती काही बोलली का? हाक मारली का कुणाला? लगेच गेली, की..."

"नगा इचारू म्हनलं न्हवं!" तो ओरडलाच. शिपाई पुढे सरला. महिपतीनं हात जोडले. आवाज पडला. "तुमच्या तोंडाकडं बगून माज्यानं न्हाई सांगवत. मला उद्या फास हाय, त्येचं काय न्हाई. पन ह्ये न्हाई सांगवत."

मी खूप विनवलं. तो जमिनीकडे बघत राहिला. अखेर साहेब वळले आणि म्हणाले, "बाई, पुरे आता." शिपायांनी त्याला उठवलं. दारापाशी तो थांबला.

"भाईर माजी आई बसलीया," तो म्हणाला. "काल आली. मी भेटायचं न्हाई म्हनून सांगितलंय. एवडी वर्सं तिला सांगत आलो, आई, मी न्हाई केलं. तिनं ते खरं मानलं. त्या एका सबदावर जगली म्हातारी. आता आज तिच्या म्होरं खोटं बोलाया जीभ वळत न्हाई, आन खरं बोलाया तोंड न्हाई. तिला दिसलासा तर माजं काय सांगू नगासा. तेवडं करा."

त्याला नेलं. माझ्या मनात आलं, तू मला अर्धंच दिलंस आणि वर माझ्याकडं मागतोयस.

बाहेर आले तर मोठ्या दरवाज्यासमोरच्या कडुलिंबाखाली बाकावर हे बसले होते. शेजारी एक म्हातारी, वाळून काटकी झालेली, हिरवं जुनेर नेसलेली. तिच्या हातात चहाचा कप होता.

"ह्या आजी कालपासून बसल्यात इथं," हे मला हळूच म्हणाले. "पोटात काही नाही त्यांच्या. मुलगा आत आहे, आणि तो भेटत नाही म्हणतो. बघ कशी असतात एकेक पोरं. मी चहा आणून दिला."

ह्यांनी तिला नाव-गाव विचारलं नव्हतं. मला विचारायची गरज नव्हती. हे कोर्टात कधी आले नव्हते; ती तिथं रोज मागच्या बाकावर बसायची. तेव्हा तिचे केस काळे होते.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. तिनं मला ओळखलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"बाई, तुमी आत जाऊन आलासा?" तिनं विचारलं. "माजा ल्योक हाय आत. महिपती. दिसला का वं कुटं?"

हे बाकावरून ताडकन उठले.

मी एक शब्द न बोलता निघून गेले असते तर कुणी मला बोल लावला नसता. महिपतीनंही तेच मागितलं होतं. पण म्हातारी मान वर करून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी जशी थोड्या वेळापूर्वी तिच्या मुलाकडं बघत होते, तशी.

"दिसला," मी म्हटलं. "बोलले मी त्याच्याशी."

तिनं कप खाली ठेवला. माझा हात धरला. "कसा हाय? वाळलाय का? जेवतुया का?"

"वाळलाय थोडा. दाढी पांढरी झालीय. पण चालतो ताठ. आवाज तसाच आहे."

"पायाचं दुखनं? उजव्या पायाला लागलं हुतं त्येच्या."

"खाली बसला तेव्हा उजवा पाय लांब करून बसला."

"व्हय, तसाच बसतुया," ती म्हणाली, आणि तिच्या सुरकुत्यांवरून पाणी ओघळायला लागलं. "आनी? आनी काय म्हनला?"

"आई बाहेर बसलीय म्हणाला. मला भेटायला तोंड नाही म्हणाला."

म्हातारीनं माझा हात सोडला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी कोन, बाई?"

"त्या जीपमधली नर्स माझी बहीण होती."

मला वाटलं ती हात सोडेल. तिनं उलट तो कपाळाला लावला आणि तशीच वाकून बसली. पाठीचे मणके जुनेरातून दिसत होते.

"मला ठावं हाय," ती खालीच बघत म्हणाली. "त्यानंच केलं. मला पैल्या दिशीच कळलं. त्या रातीचा सदरा म्याच धुतला. धुतला आन वाळत घातला, आन पोलीस आलं तवा म्हनलं, माजा ल्योक घरातच हुता. त्यो सांगायचा, आई, मी न्हाई केलं. मी म्हनायची, व्हय बाळा. मला वाटायचं, आईला बी ठावं हाय म्हनल्यावर त्येला कुनाचा आधार ऱ्हायचा? म्हनून मी व्हय व्हय म्हनत ऱ्हायली. आन आता ह्ये असं. तोंड न बगता न्हेनार त्येला."

हे दोन पावलं दूर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी उठले आणि दरवाज्याकडे वळले तेव्हा ते आडवे आले.

"कुठं निघालीस?"

"आत. निरोप द्यायला."

"तिच्या पोरानं आपलं काय केलं ते विसरलीस? कुमुदला खांद्यावर घेऊन घाटातून वर मी आलोय, प्रमिला. तू नव्हतीस तिथं."

"विसरले नाही."

"मग?"

मी एवढंच म्हटलं, "त्याला उद्या मरायचंच आहे. ह्या म्हातारीला मरेपर्यंत जगायचंय."

ते बाजूला झाले. माझ्याकडं न बघता रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

अधीक्षकसाहेबांना मी सांगितलं, "त्याला एवढंच कळवा, की आईला पहिल्यापासून ठाऊक आहे. सदरा तिनंच धुतला होता." साहेबांनी दुसरं काही विचारलं नाही. स्वतः उठून आत गेले.

थोड्या वेळानं एक शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "आजी, चला." तिला उठता येईना. पाय वळले होते. मी एका बाजूनं धरलं. दुसऱ्या बाजूनं धरायला शिपाई वाकला, तेवढ्यात ह्यांनीच पुढं होऊन तिचा दंड धरला. दरवाज्यापर्यंत आम्ही दोघांनी तिला नेलं. तिथून शिपाई तिला आत घेऊन गेला.

"आता तरी चल," हे म्हणाले. "एसटी मिळेल."

"ती बाहेर येईपर्यंत थांबू."

ते बाकावर बसले. मी त्यांना जांभळांचं सांगितलं. मास्तरांचं आणि त्या मुलीचं सांगितलं. त्यांनी फक्त "जीभ जांभळी?" एवढं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर चष्मा काढून बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हातारी बाहेर आली. एकटीच चालत आली, भिंतीला धरून. रडत नव्हती. आमच्यासमोर येऊन ती जमिनीवरच बसली, म्हणून मीही बाकावरून खाली उतरून बसले.

"हात फिरवू दिला साहेबानं," ती म्हणाली. "तोंडावरनं, डोक्यावरनं. ल्हान असताना झोपायचा तसा मांडीवर डोकं ठिवून पडला." मग दम घेऊन म्हणाली, "बाई, तुमास्नी निरोप हाय त्येचा. म्हनला, मला त्यांच्या म्होरं न्हाई सांगवलं. तू सांग. सांगू का? का नगं?"

"सांगा."

हेही खाली येऊन बसले.

"वळनावर त्येनं गाडी थांबीवली. इंजन तापलं म्हनून. अंकुशानं म्हाताऱ्याला वडून खाली घेतलं. तुमच्या भनीनं ते बगितलं आन ती उतारावरनं पळाली. ह्यो तिच्या मागं गेला. गाठली तिला. म्होरं उबा ऱ्हायला, तर म्हनं हात उचलंना. जांबळं खाल्ली हुती तिच्या हातची. खाली वाडी हुती, दिवं लागल्यालं दिसत हुतं. ह्यो तिला म्हनला, पळ. मी येत न्हाई मागं. पळ जा."

"ती पळाली बी. लई लांब गेली. आन वरनं म्हातारी वरडली. तशी ती थांबली म्हनं. मागं फिरली. ह्यो तिला हातानं, जा, जा, म्हनतुया, आन ती आपली वर चढत येतीया. म्हनली, त्या आजीला सोडा. सोनं घ्या आन तिला सोडा. ह्येला ढकलून वर गेली आन म्हातारीला पोटाशी धरून बसली. मग अंकुश ह्येला म्हनला, हिनं आपली तोंडं बगितल्यात, आता मागं सरशील तर तुला बी सोडत न्हाई." म्हातारीनं दोन्ही हात जमिनीला टेकले. "आन मग माज्याच पोरानं, बाई. अंकुशानं न्हवं. माज्याच."

हे एकदम म्हणाले, "परत वर गेली?"

"व्हय."

"सुटली होती, आणि परत वर गेली?"

"व्हय, दादा."

ह्यांनी गुडघ्यांत तोंड घातलं. कुमुदला खांद्यावर आणल्यापासून हा माणूस माझ्यादेखत कधी रडला नव्हता.

"कुणाला हाक मारली का तिनं?" मी विचारलं.

"न्हाई म्हनला. म्हातारीला सांगत हुती म्हनं, भिऊ नगा, मी हाय. तेवडंच."

आम्ही निघालो तेव्हा म्हातारी तिथंच बसली होती. सकाळी मूठमाती द्यायला प्रेत हाती देतात का, ते बघायला ती थांबणार होती. ह्यांनी जवळचा जेवणाचा डबा तिच्यापाशी ठेवला. तिनं हात जोडले. आम्हीही जोडले. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोचलो तर गल्लीत पेढे वाटले जात होते. फाशीची बातमी सकाळीच आली होती. एक वार्ताहर दारात उभा होता. "ताई, आता समाधान वाटत असेल," तो म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन दार लावलं. मला वाटलं होतं त्या बातमीनंतर आत काहीतरी शांत होईल. नुसती कळ आली. कुमुद जांभळं खाऊन हसली हे डोळ्यांनी बघितलेलं आता कुणीच उरलं नव्हतं. उरला होता फक्त माझा ऐकीव शब्द.

मास्तरांना मी शोधलं. डोंगरातल्या त्या गावी गेले. ते कधीच बदली करून निघून गेले होते, कुठल्या जिल्ह्यात ते कुणाला नीट सांगता आलं नाही. उपकेंद्रातल्या एका जुन्या बाईनं सांगितलं, ती मुलगी पुष्कळ दिवस संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायची. ती मुलगी आता संसाराला लागली असेल. मी तिच्याशी काय बोलले असते कोण जाणे. पण तिचं तोंड बघायची इच्छा अजून जात नाही.

ह्यांनाही जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले, "तू त्या दिवशी ऐकलं नाहीस माझं, ते बरं केलंस." कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुपारी एकटी बसले की मला तो उतार दिसतो. मी तो कधी बघितलेला नाही, तरी दिसतो. खाली वाडीतले दिवे लागलेत. साडीच्या निऱ्या एका हातात धरून कुमुद धावतेय आणि तिच्यामागं कुणी नाही. वाट मोकळी आहे. मी इथून जीव तोडून म्हणते, कुमे, पळ. थांबू नको. मागं बघू नको गं. अजून थोडंसंच राहिलंय, पळ. माझ्याकडं ये, रागवणार नाही मी, तुझं लग्न मी लावून देते.

मग वरून म्हातारी ओरडते, आणि कुमुद थांबते.